पाहुणे आले की माझी रोजची प्रार्थना मोडते, आणि आता मुलगाही बसेना. काय करू?

पहाटसावली

नमस्कार सगळ्यांना. वाचतेय बरेच महिने, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे ११ दिवसांपासून माझे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं राहायला आलीयेत, अजून आठनऊ दिवस आहेत. माणसं चांगली आहेत हे आधीच सांगते. जाऊबाई उठल्या उठल्या कामाला हात लावतात, मुलं एकमेकांत रमलीयेत, घर भरल्यासारखं वाटतंय, त्यामुळे तक्रार करायला आलेली नाही मी. प्रश्न माझ्या प्रार्थनेचा आहे. पहाटे पाचला उठून वीसेक मिनिटं देवासमोर बसायचं ही सवय मला आईने लावली, लग्नाच्या कितीतरी आधीपासून. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेपण मी बसले होते, आणि तो दिवस मी कसा काढला असं कुणी विचारलं तर मी त्या वीस मिनिटांकडेच बोट दाखवेन.

आता झालंय असं की आमचा देवाचा कोपरा हॉलमध्ये आणि रात्री गाद्या पण हॉलमध्येच पडतात. दीर उशिरापर्यंत जागतात, पहाटे गाढ झोपेत असतात, लाइट कसा लावणार? दुसऱ्या दिवशी अंधारात चाचपडत गेले तर पुतण्याच्या पायावर पाय पडला, तो जोरात ओरडला, सगळं घर जागं झालं, मलाच इतकं ओशाळल्यासारखं झालं की तिसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या उभ्या डोळे मिटायला लागले. पण तिथे उभं राहिलं की कामंच दिसतात, कोण कधी उठेल, किती जणांचं करायचंय, काय संपलंय. आणि गेले चार दिवस तेही झालेलं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागलीय. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, रोज झोपायच्या आधी पाच मिनिटं माझ्याशेजारी बसतो, कधी बोलतो, कधी नुसता बसतो. परवा बसायला निघाला तर दीर हसत म्हणाले, "अरे तूपण? एवढा हुशार मुलगा आणि डोळे मिटून बसतोस होय?" सगळे हसले. ते वाईट मनाने बोलले नाहीत हे मला माहितेय, त्यांचा स्वभावच तसा. पण त्या रात्रीपासून तो बसत नाही. विचारलं तर म्हणाला, "काका गेल्यावर बसेन." हे वाक्य माझ्या डोक्यातून जातच नाहीये. म्हणजे आपण जे करतो ते लोकांसमोर करायचं नसतं, एवढं त्याला कळलं की काय?

नवरा म्हणतो थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, देव काही रागावत नाही, पाहुणा म्हणजे देवच. पटतं मला, पण मग आतून इतकं कोरडं का वाटतंय? चिडचिड वाढलीय. रविवारी माझी शाळेतली मैत्रीण आली होती, १२ वर्षांनी भेटली, आणि ती बोलत होती तेव्हा माझं अर्धं लक्ष भांड्यांत. काल पुतणीवर उगाच आवाज चढवला, लहान आहे हो ती, बिचारी गप्प होऊन कोपऱ्यात जाऊन बसली.

तर विचारायचंय एवढंच की पाहुण्यांचं करणं हीच सेवा समजून इतके दिवस प्रार्थना सोडून द्यावी का? आणि भाऊजींशी बोलावं का? बोलायचं तर कसं, की त्यांना घरातून निघून जावंसं वाटू नये?

---

जुनंदप्तर

ताई, तुम्ही सोडू नका. लगेच सांगतो का ते.

"अतिथिदेवो भव" सगळ्यांना पाठ असतं, पण ते कुठे येतं ते फार कमी लोक बघतात. तैत्तिरीय उपनिषदातल्या शिक्षावल्लीत आहे, शिष्य शिकून घरी निघालाय आणि गुरू त्याला संसारात कसं वागायचं ते सांगतायत. त्याची सुरुवातच "सत्यं वद, धर्मं चर, स्वाध्यायान्मा प्रमदः" अशी आहे, म्हणजे स्वाध्यायात हयगय करू नकोस. मग पुढे देवकार्यात आणि पितृकार्यात चुकू नकोस, आणि त्याच्या लगेच नंतर आई, वडील, आचार्य आणि शेवटी अतिथी, यांना देव मान. एकाच दमात सांगितलंय सगळं. एक करायचं म्हणून दुसरं सोड असं तिथे कुठेही नाही. तुमचे यजमान म्हणतात ते बरोबर आहे, फक्त त्यांनी शेवटची ओळ घेतली आणि पहिली राहिली.

कठोपनिषदात नचिकेत यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसून राहतो, कारण यम घरी नसतो. आल्यावर यम त्याला नमस्कार करतो आणि तीन रात्रींचे तीन वर देतो. म्हणजे पाहुणा ताटकळला तर मृत्यूलासुद्धा चुकल्यासारखं वाटतं, पाहुण्याचं महत्त्व इतकं आहे, ते मी कमी करत नाही. पण तुमचे पाहुणे दारात उपाशी नाहीत ना, ते तर तुमच्या हॉलमध्ये गाढ झोपलेत, पहाटे पाचला त्यांना तुमच्याकडून काहीच नकोय. ती वीस मिनिटं पाहुण्यांनी घेतलेली नाहीत, ती तुमच्या संकोचाने घेतलीयेत.

जागा बदला, वेळ नको. तुमच्या झोपायच्या खोलीत एक कोपरा आजच्या आज रिकामा करा. देव तिथे हलवायची पण गरज नाही, तोंड कुठे करून बसलात याने एवढं बिघडत नाही, बसलात याने फरक पडतो. ओट्याशी उभं राहून होणार नाही, कामाच्या जागी उभं राहिलं की हात कामच शोधतात.

---

अंगणवाट

मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नका.

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात, १८व्या अध्यायात अब्राहामाची गोष्ट आहे, भर उन्हात तो तंबूच्या दाराशी बसलेला असतो, परमेश्वर त्याला दर्शन देतो, आणि तेवढ्यात समोर तीन अनोळखी माणसं दिसतात तर हा उठून पळत त्यांच्याकडे जातो. ज्यू धर्मगुरूंनी यावर फार पूर्वी तालमूद या त्यांच्या धर्मग्रंथात म्हणून ठेवलंय की पाहुण्याचं स्वागत हे साक्षात देवाच्या दर्शनापेक्षा मोठं. विचार करा, देव समोर असताना त्याला थांबवून माणसांकडे धावलेला माणूस, आणि त्याला कुणी नावं ठेवली नाहीत, उलट त्याचंच उदाहरण पुढच्यांना देतात.

माझ्या आजीकडे कायम कुणीतरी राहायला असायचं, ती म्हणायची माणसं आहेत तोवर माणसं, मग देव आहेच की. तिला मी कधी तुटक वागताना बघितलं नाही. त्यामुळे मी म्हणेन हे २० दिवस मनावर ओझं घेऊ नका. सुटली तर सुटली. चुकलं चुकलं असं मनात घोळवत केलेली सेवा पाहुण्यांना पण कळते हो, चेहऱ्यावर दिसते.

मुलाचं मात्र वेगळं आहे, ते असंच जाऊ देऊ नका. त्यावर जाणकारांनी सांगावं.

---

नूरअंगण

@अंगणवाट, तुमच्या आजींना सलाम. पण पहाटसावली ताईंनी लिहिलंय की सुटल्यापासून चिडचिड होतेय आणि लेकरावर आवाज चढला. म्हणजे त्यांना ती प्रार्थना सेवा करायलाच लागते. प्रत्येकाचं वेगळं असतं.

आमच्यात एक हदीस आहे, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्यावागण्याची जपून ठेवलेली आठवण, बुखारींच्या हदीससंग्रहात आहे, मला फार आवडते. सलमान आणि अबू दरदा, पैगंबरांनी या दोघांना भाऊ करून दिलेलं. सलमान अबू दरदांच्या घरी गेले तर त्यांची बायको अगदी साध्या, विस्कटलेल्या कपड्यांत. विचारलं तर म्हणाली, तुमच्या भावाला या दुनियेतलं काही नकोच असतं. मग अबू दरदांनी पाहुण्यापुढे जेवण ठेवलं आणि म्हणाले तुम्ही खा, माझा रोजा आहे. सलमान म्हणाले तू खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही. तेव्हा ते जेवले. रात्री नमाजला उठायला लागले तर सलमान म्हणाले झोप. पुन्हा उठले, पुन्हा झोप. रात्रीचा शेवटचा भाग आला तेव्हा सलमानच म्हणाले, आता ऊठ, आणि दोघांनी मिळून नमाज पढली. मग सांगितलं की तुझ्या रबचा, म्हणजे देवाचा, तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या स्वतःचा आहे, तुझ्या घरच्यांचा आहे, ज्याचा त्याला दे. पैगंबरांना कळलं तेव्हा ते म्हणाले सलमान खरं बोलला.

मला यात काय दिसतं माहितेय का? पाहुण्यानेच प्रार्थनेची वेळ ठरवली, आणि ती सोडली नाही, दोघं मिळून बसले. आणि ताई, त्या गोष्टीत बायकोची कुचंबणा पाहुण्याला पहिल्या नजरेत दिसली, घरच्याला दिसली नव्हती. तुमच्या जाऊबाईंना तुमचं काय चाललंय ते दिसत असणार, विचारून बघा.

आता माझं सांगते. नणंदेचं कुटुंब दोन वर्षांपूर्वी १५ दिवस होतं. पाच वेळांचं कसं करायचं या चिंतेत मी पहिल्या दिवशी एकदाच सांगितलं, बघा या या वेळेला मी दहा मिनिटं आतल्या खोलीत असते, दार लोटलेलं असतं, काही लागलं तर मुलाला सांगा. बास. कुणी काही म्हणालं नाही. चौथ्या दिवशी नणंदच मुलांना म्हणाली, मामी आत आहे, हळू. जे आपण लपून करतो त्यात लोक अडथळा आणतात, कारण त्यांना माहीतच नसतं ना. तुम्ही ११ दिवसांत त्यांना एकदा तरी सांगितलंत का की तुम्ही पहाटे बसता?

---

पहाटसावली

@नूरअंगण, नाही सांगितलं. वाचलं आणि एकदम थांबलेच. मी गृहीतच धरलं होतं की त्यांना माहीत असेल. पायावर पाय पडला तेव्हा पण मी "पाणी प्यायला उठले होते" म्हणाले होते. खोटं बोलले, आता लिहिताना कळतंय. "काका गेल्यावर बसेन" हे मुलाने माझ्याकडूनच उचललंय बहुतेक.

@जुनंदप्तर दादा, संकोचाचं म्हणालात ते लागलं पण खरं आहे. खोलीतल्या खिडकीपाशी कपड्यांचा ढीग असायचा, तो काढला आत्ताच.

@अंगणवाट, तुमचं पण मनात ठेवलंय, रागबिग काही नाही.

---

वाटसरू_साधा

मी तुमच्या दिरांच्या बाजूचा माणूस आहे म्हणून लिहितोय. देव मानत नाही, कॉलेजपासूनच नाही. बहिणीकडे दरवर्षी जातो, तिच्याकडे रोज संध्याकाळी सगळं घर एकत्र बसतं.

सहासात वर्षांपूर्वी मीपण अगदी असंच बोललो होतो भाचीला. गंमत म्हणून. मला वाटायचं मी तिला विचार करायला शिकवतोय. बहीण तेव्हा काही बोलली नाही, दोन दिवसांनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, तू मानू नकोस, मी तुला कधी बस म्हणाले नाही. पण तिला हसू नकोस. तुला काय वाटतं ते तिने विचारलं तर नीट सांग, मोठ्या माणसाला सांगतोस तसं." एवढंच बोलली. मला लाज वाटली. कारण खरंच, नऊदहा वर्षांच्या मुलासमोर सगळे हसतात तेव्हा तो विचार करत नाही, तो फक्त घाबरतो. माझा जो मुद्दा होता विचार करण्याचा, तोच मी मारला होता.

आता मी असतो तेव्हा ते बसतात आणि मी त्याच खोलीत मागे खुर्चीवर बसतो. डोळे मिटत नाही, हात जोडत नाही, फोन मात्र खिशात. खरं सांगतो, दिवसभरात सगळे एका जागी शांत असण्याची तीच एक वेळ असते आणि मला ती आवडते. भाची आता १६ची आहे, माझ्याशी देवावर वाद घालते, आणि बसते पण.

तर ताई, बोलाच. पण तीन गोष्टी सांभाळा. सगळ्यांसमोर नको. नवऱ्याकरवी निरोप नको, त्याने माणूस जास्त दुखावतो. आणि श्रद्धेची बाजू मांडायला जाऊ नका, वाद होईल आणि त्यात आम्ही लोक तयारीचे असतो. मुलाबद्दल बोला फक्त. "तो त्या रात्रीपासून बसत नाही" एवढं वाक्य पुरे आहे. तुमचे दीर चांगले असतील तर पुढचं त्यांना कळेल.

---

खिडकीतला_दिवा

वाटसरू यांनी फार छान लिहिलंय, त्यापुढे मुलाबद्दल माझ्याकडे काही नाही. पण प्रार्थनेबद्दल आणि त्या मैत्रिणीबद्दल लिहायचं होतं.

लूकच्या शुभवर्तमानात, १०व्या अध्यायात मार्था आणि मरिया या बहिणींकडे येशू येतो. मार्था कामात बुडालेली, मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकतेय, मार्था वैतागून म्हणते प्रभू, बहिणीने सगळं माझ्यावर टाकलंय याचं तुम्हाला काहीच नाही का, तिला सांगा की मला मदत कर. तो तिला दोनदा हाक मारतो, मार्था, मार्था. पूर्वी मला वाटायचं इथे तिला ओरडा बसला. आता घर सांभाळताना वाटतं, दोनदा नाव घेऊन हाक मारणं हे ओरडणं नसतं, दमलेल्या माणसाला आपण असंच थांबवतो. तो म्हणतो तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस. काम करू नकोस असं म्हणत नाही. तुमची मैत्रीण १२ वर्षांनी आली ती जेवायला आली नव्हती हो. तिला परत बोलवा, भांडी राहू देत.

दुसरं म्हणजे हा प्रश्न फार जुना आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियम लिहिले, त्यातलं ५३वं प्रकरण पाहुण्यांवर आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं ख्रिस्तच आलाय असं समजून स्वागत करा, असं ते सुरू होतं. पण पुढे किती बारकाईने विचार केलाय बघा. पाहुणा आला की मठप्रमुखाने त्याच्यासाठी आपला उपास मोडावा, मोठा उपासाचा दिवस असेल तर नाही, आणि बाकीच्यांनी मात्र आपला उपास चालू ठेवावा. पाहुण्यांचा स्वयंपाक वेगळा असावा, कारण पाहुणे कधीही येतात आणि मठात त्यांची कमी नसते, त्यामुळे बाकीच्यांची घडी विस्कटू नये. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हाच विचार करत बसलं होतं की पाहुणा पण राहिला पाहिजे आणि प्रार्थना पण. त्यांनी काय केलं, एकाने मोडायचं, बाकीच्यांनी नाही. घरात पण असं वाटून घेता येतं की. पहाटेची ती वीस मिनिटं तुमच्या यजमानांनी घर बघावं, कुणी उठलंच तर ते उठतील. संध्याकाळी ते भावाबरोबर बसतात तेव्हा तुम्ही घर बघताच ना?

---

जुनंदप्तर

@खिडकीतला_दिवा, वाटून घ्यायचं ते मला सुचलंच नव्हतं, माझ्या घरी पण हे सांगायला हवं. आपल्याकडे "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई" म्हणतात ते मला कधी आवडलं नाही. तिसऱ्या दिवसापासून घरातल्यांनी आपली अक्कल वापरून कामं वाटून घेतली तर पाहुणा महिनाभर राहिला तरी जड होत नाही.

@नूरअंगण, पाहुणचार तीन दिवसांचा, त्यापुढचं ते दान, असं हदीसमध्ये आहे ना? वाचल्याचं आठवतंय.

---

नूरअंगण

हो आहे दादा. आणि त्याच ठिकाणी पाहुण्यालाही सांगितलंय, की यजमानाला त्रास होईल इतकं राहू नये. दोन्ही बाजूंना सांगितलंय.

ताई, काय झालं ते कळवा नक्की. पुतणीला जवळ घेतलंत का?

---

पहाटसावली

पाच दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल सॉरी.

पुतणीला त्याच दिवशी जवळ घेतलं, सॉरी म्हणाले, ती म्हणाली "कशाबद्दल?" विसरली होती. मीच धरून बसले होते.

पहाटेचं जमलं. खिडकीपाशी बसते, ह्यांना स्पष्ट सांगितलं की पाच ते साडेपाच घर तुमचं. पहिल्या दिवशी बसले आणि काहीच झालं नाही, म्हणजे मन लागलं नाही, नुसती बाहेरच्या झाडाच्या फांद्या बघत राहिले अंधारात, पण उठले तेव्हा खांदे हलके वाटले. दुसऱ्या दिवसापासून बरं चाललंय.

भाऊजींशी बोलायला तीन दिवस लागले मला. शेवटी परवा संध्याकाळी गॅलरीत ते वाळलेले कपडे काढत होते, मी घड्या घालायला घेतल्या. वाटसरू म्हणाले तेवढंच वाक्य बोलले. ते हातात मुलाचा शर्ट धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "वहिनी, त्याला तेवढं लागलं? मला वाटलं तो पण हसतोय." मी म्हटलं हसत होता, तेव्हा हसत होता. पुढे आम्ही काहीच बोललो नाही, कपडे सगळे घड्या करून झाले. मला वाटलं झालं, चुकलं बोलून.

पण रात्री साडेनऊला त्यांनी आपणहून टीव्ही बंद केला आणि मुलाला म्हणाले, "तुझी बसायची वेळ झाली ना? मी बाहेर जातो, का बसू इथे?" मुलाने माझ्याकडे बघितलं, मग म्हणाला, "बसा, पण बोलायचं नाही." ते बसले. मुलगा माझ्या शेजारी बसला तो अगदी चिकटून, आणि डोळे काही मिटले नाहीत त्याने, पूर्ण वेळ काकांकडेच लक्ष. मी पण काही म्हणाले नाही. काल परत बसला, काल मिटले होते.

आणि नूरताई, तुम्ही जाऊबाईंना विचारा म्हणालात ना, विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही पाणी प्यायला उठला नव्हतात हे मला तेव्हाच कळलं होतं, हातात पाण्याचं भांडं नव्हतं. त्या माहेरी असताना रोज बसायच्या, लग्नानंतर सुटलं, पुन्हा कधी जमलं नाही म्हणाल्या. उद्या मलापण उठवा म्हणाल्यात. मैत्रिणीला शनिवारी बोलावलंय, जाऊबाई म्हणाल्या भांड्यांकडे तुम्ही बघायचं नाही. आता अलार्म लावून फोन उशीखाली ठेवते, हॉलमधून त्यांना कसं उठवायचं ते बघते, पुतण्याची गादी दाराच्याच बाजूला आहे.